दोन दिवसांचे पाहुणे

आपल्या धर्मग्रामांतील मागच्या पिढीने परदेश पाहिला तो बहुधा यात्रेच्या निमित्ताने. रोम, लूर्द, फातिमा, जेरुसलेम ही त्या प्रवासातील ठाणी. अशा यात्रेसाठी वर्षानुवर्षे पैसा साठविला जाई. निघण्यापूर्वी घरी जपमाळ होई, शेजारीपाजारी निरोप द्यायला येत आणि यात्रेकरू परतले की लूर्दच्या पाण्याची इवलीशी बाटली घरोघरी पोचती होई. काहींनी परदेश पाहिला तो पोटासाठी, आखातात किंवा जहाजावर, कामाच्या जागेपुरता. आज चित्र पालटले आहे. आपली मुलेमुली उच्च शिक्षणासाठी जर्मनी, आयर्लंड, इंग्लंड येथे जातात आणि शनिवार-रविवारची सवड मिळाली की पाठीवर एक पिशवी टाकून मित्रमैत्रिणींसह दुसऱ्याच देशातील एखादे शहर पाहून येतात. शुक्रवारी रात्री बसमध्ये बसावे आणि सकाळी डोळे उघडावेत, तो भाषा बदललेली, नाणी बदललेली आणि पावाची चवही बदललेली असते.

या सहजतेबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. जग पाहावे, माणसे पाहावीत, आपले अंगण म्हणजे जग नव्हे हे तरुण वयातच कळावे, हे चांगलेच आहे. परंतु सहज मिळालेल्या गोष्टीविषयी आपण फारसा विचार करीत नाही, आणि येथे तर विचार करण्याजोगा एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या शहरात दोन दिवसांसाठी येणारा माणूस त्या शहराचा कोण? तो गिऱ्हाईक आहे, प्रेक्षक आहे की पाहुणा आहे? खोलीचे भाडे, जेवणाचे बिल आणि बसचे तिकीट एवढे चुकते केले म्हणजे त्या शहराचे त्याच्यावर काही देणे उरत नाही काय?

हा प्रश्न आम्हांला एखाद्या ग्रंथातून सुचलेला नाही. जर्मनीच्या पूर्व भागातील एका विद्यापीठात शिकत असताना आम्ही चार सहाध्यायी दोन दिवसांसाठी पोलंडमधील क्राकूव या शहरी गेलो होतो. दोघे वसईचे, एक मैत्रीण केरळची आणि चौथी जर्मन. त्या दोन दिवसांत हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनी आमच्यापुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

क्राकूव ही पोलंडची जुनी राजधानी. तेराव्या शतकात आखलेला तिचा मुख्य चौक सुमारे दोनशे मीटर लांब आणि जवळजवळ तेवढाच रुंद आहे. चौकाच्या कोपऱ्यावर पवित्र मरियेचे जुने मंदिर आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि तिचा सूर एकाएकी अर्ध्यावर तुटतो. तार्तरांच्या स्वारीची वर्दी देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, त्याची ही आठवण, अशी आख्यायिका आहे. १३६४ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठात कोपर्निकस शिकला आणि पुढे कारोल वोयतिवा नावाचा तरुणही शिकू लागला. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी भाषणाच्या निमित्ताने विद्यापीठातील अध्यापकांना एकत्र बोलावले आणि १८३ जणांना कैद करून नेले. विद्यापीठ बंद पडले. तरुण वोयतिवाला दगडांच्या खाणीत मजुरी करावी लागली. तोच पुढे या शहराचा आर्चबिशप झाला आणि १९७८ साली पोप जॉन पॉल दुसरे या नावाने पेत्राच्या आसनावर बसला.

दोन दिवसांच्या पाहुण्यापुढे हे शहर आपले सारे वैभव जणू ताटात वाढून ठेवते. चौकाच्या आसपास सहलींचे फलक लागलेले असतात. त्यांपैकी एका प्रकारच्या फलकापुढे आम्ही चौघेही थबकलो. एकाच दिवसात दोन स्थळे: सकाळी ऑश्वित्झची छळछावणी, दुपारी व्येलिच्काची मिठाची खाण आणि संध्याकाळी परत. शेजारच्याच फलकावर रात्रीच्या मद्यालयांच्या फेरीची जाहिरात होती. आमच्यातील एकाने विचारले, “हे बरे आहे काय?” प्रश्न साधा होता, पण त्यावरून बराच वाद झाला.

एका पक्षाचे म्हणणे असे की, जेथे अकरा लक्ष माणसांचा बळी गेला ते स्थळ खाण आणि मद्यालय यांच्यामध्ये बसविणे हा मृतांचा अवमान आहे. जायचे तर केवळ तेवढ्यासाठीच जावे, नाहीतर जाऊच नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, विद्यार्थ्याच्या खिशात पैसा थोडा आणि हाती दोनच दिवस. तेवढ्या वेळात तो गेला नाही तर कदाचित आयुष्यात कधीच जाणार नाही. शिवाय हे स्थळ जपून ठेवावे, लोकांनी ते पाहावे, ही इच्छा तेथून जिवंत सुटलेल्या कैद्यांचीच होती आणि त्यांच्याच खटपटीतून १९४७ साली तेथे संग्रहालय उभे राहिले. ज्यांनी भोगले तेच बोलावीत असताना, आम्हांला पुरेसा वेळ नाही म्हणून आम्ही येत नाही, असे म्हणणे ही नम्रता की पळवाट? दोन्ही पक्षांत तथ्य होते. आम्ही गेलो.

क्राकूवपासून सत्तरेक किलोमीटरवर ओश्वियेंचिम नावाचे गाव आहे. जर्मनांनी त्याचे नाव ऑश्वित्झ केले. १४ जून १९४० रोजी ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची पहिली मोठी तुकडी तेथे आणली गेली. पुढे जवळच बिर्केनाऊची अफाट छावणी उभारली गेली आणि युरोपच्या कानाकोपऱ्यांतून यहुदी लोकांना आगगाड्यांतून तेथे आणण्यात आले. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य तेथे पोचेपर्यंत सुमारे अकरा लक्ष माणसे मारली गेली होती. त्यांतील जवळजवळ दहा लक्ष यहुदी होते. उरलेल्यांत पोलिश लोक, रोमा जमातीचे लोक आणि सोव्हिएत युद्धकैदी होते. २०१९ या एका वर्षात हे स्थळ पाहण्यासाठी सुमारे तेवीस लक्ष लोक आले. म्हणजे तेथे जितके मेले त्याच्या दुपटीहून अधिक माणसे एका वर्षात तेथून चालत गेली.

विटांच्या दुमजली इमारतींत काचेआड बुटांचे ढीग आहेत, चष्मे आहेत, लहान मुलांचे कपडे आहेत. एका दालनात कापलेले केस आहेत. तेथे छायाचित्र घेण्यास मनाई आहे. परंतु आमचे पाय सर्वांत अधिक काळ खिळले ते प्रवासाच्या पेट्यांपुढे. चामड्याच्या, पुठ्ठ्याच्या, हातात धरून नेण्याच्या साध्या पेट्या. त्यांवर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरांत मालकांची नावे लिहिली आहेत. काहींवर जन्मसाल आहे, गावाचे नाव आहे. सामान गहाळ होऊ नये, पोचल्यावर आपले आपल्याला ओळखता यावे, म्हणून ती लिहिली होती. या लोकांना दुसरीकडे वसवायला नेत आहोत असे सांगण्यात आले होते. तेही स्वतःला प्रवासीच समजत होते.

त्या प्रवासाचे भाडेही ठरलेले होते. जर्मन रेल्वे प्रत्येक माणसामागे तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे आकारीत असे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट आणि चार वर्षांखालील मुलांना माफी. चारशेहून अधिक माणसांचा गट असला तर निम्म्या दराची सवलत. पहारेकऱ्यांचे भाडे मात्र जाण्यायेण्याचे धरले जाई. आम्ही विद्यार्थी सवलतीचे तिकीट काढून, परतीच्या बसची वेळ पाहून आलो होतो. गटाची सवलत, मुलांचे अर्धे तिकीट हे शब्द आपल्या प्रत्येक सहलीत ऐकू येतात. हेच निरुपद्रवी शब्द एका कचेरीतील कारकुनाने त्या गाड्यांच्या हिशेबात लिहिले, बेरीज केली आणि संध्याकाळी तो आपल्या घरी गेला. त्याने कोणाला मारले नाही. त्याच्यापुढे फक्त आकडे होते. माणसाला न पाहता केवळ त्याचा आकडा पाहणे ही दुष्टपणाची पहिली पायरी असू शकते, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही प्रवचनापेक्षा त्या पेट्यांपुढे अधिक स्पष्ट कळली. त्या पेट्यांवर नावे होती आणि हिशेबात आकडे होते.

अकराव्या क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची कोठडी आहे. त्यांची कथा आपल्याकडील घराघरांत ठाऊक आहे. १९४१ च्या जुलैअखेरीस छावणीतून एक कैदी नाहीसा झाला. त्याची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारण्यासाठी निवडण्यात आले. त्यांतील फ्रान्सिशेक गायोव्निचेक हा कैदी बायकामुलांच्या आठवणीने आक्रंदू लागला, तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मरण्याची त्यांनी परवानगी मागितली. १४ ऑगस्ट रोजी विषारी सुई टोचून त्यांचा अंत करण्यात आला. १० ऑक्टोबर १९८२ रोजी रोममध्ये त्यांना संतपद बहाल झाले तेव्हा गायोव्निचेक स्वतः तेथे हजर होते. पुढे १९९५ पर्यंत ते जगले आणि आपल्यासाठी कोणी प्राण दिला हे जन्मभर सांगत राहिले. त्या कोठडीपुढे उभे असताना एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी मैदानात शेकडो कैदी उभे होते. गायोव्निचेकचे रडणे अनेकांनी ऐकले असेल. ऐकणे सर्वांच्या वाट्याला आले. पुढे पाऊल टाकले ते एकाने. इतरांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला मुळीच नाही. पण संत म्हणजे काय, हे मात्र तेथे थोडेसे उमगते.

संध्याकाळी आम्ही क्राकूवला परतलो. दिवसभर पोटात काही नव्हते. एका साध्या खाणावळीत बसून पिएरोगी मागविली. आपल्या करंजीसारखा आकार, आत बटाटा आणि चीज, वर परतलेला कांदा. खाता खाता केरळच्या मैत्रिणीने भाषेच्या घोटाळ्यावरून काहीतरी गंमत सांगितली आणि आम्ही चौघेही मनमोकळे हसलो. हसू ओसरल्यावर एकदम शांतता पसरली. चौघांच्याही मनात एकच प्रश्न होता: आज, येथे, हसणे योग्य होते काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आपल्या गावाकडच्या रीतीत सापडले. आपल्याकडे एखाद्या घरी मयत झाली की आळीतील बँड वाजत नाही, लग्नाचा मांडव साधेपणाने उभा राहतो. पण त्याच मयताच्या घरी शेजारीण पेजेचे भांडे घेऊन येते, पाहुण्यांची मुले ओटीवर खेळतात, हसतात, आणि घरची म्हातारी माणसे त्यांना रागावत नाहीत. मृताचा अवमान त्या हसण्याने होत नाही. तो होतो ते कोणी मयतीला येऊन केवळ हजेरी लावून, घड्याळाकडे पाहत निघून गेले म्हणजे. शोकाला अखंड गंभीर चेहरा लागत नाही. शोकाला घरात जागा लागते. म्हणून त्या रात्री विचारायचा प्रश्न, आम्ही हसलो की नाही, हा नव्हता. सकाळी जे पाहिले त्याला त्या मेजावर जागा होती की नाही, हा होता.

जागा होती, असे पुढे जे घडले त्यावरून म्हणता येईल. आतापर्यंत गप्प असलेली आमची जर्मन मैत्रीण बोलू लागली. तिचे पणजोबा युद्धकाळात पूर्वेकडच्या आघाडीवर सैन्यात होते. त्यांनी तेथे काय केले, काय पाहिले, हे घरात कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. शाळेतून छावण्यांच्या सहली झाल्या, इतिहास शिकविला गेला, पण घरच्या जेवणाच्या टेबलावर तो विषय कधी आला नाही. “माझा काय अपराध?” असे तिने विचारले नाही. तिचा प्रश्न निराळा होता: “मी अपराधी नाही हे मला कळते. मग तेथे उभी असताना मला लाज का वाटली?”

पित्याच्या पापाबद्दल पुत्राला जबाबदार धरू नये, हे यहेज्केल संदेष्ट्याने फार पूर्वी ठामपणे सांगितले आहे, आणि ते आपल्या श्रद्धेचाही भाग आहे. तरीही लाज ही केवळ मनाची दुर्बलता नव्हे. कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने युद्ध संपताच, १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अपराधाचे चार प्रकार केले. कायद्याने शिक्षा होते तो गुन्हा. शासनाच्या कृत्यांबद्दल नागरिकांवर येणारी राजकीय जबाबदारी. ज्याच्या त्याच्या सद्‌सद्‌विवेकापुढचा नैतिक दोष. आणि चौथा या सर्वांपलीकडचा, ज्याचा निवाडा केवळ ईश्वरापुढे होतो. या चौथ्याचे मूळ माणसामाणसांतील नात्यात आहे. एका माणसावर अन्याय होत असता दुसरा माणूस जिवंत राहतो, एवढ्यानेही त्याला काही लागते, असे यास्पर्स यांना वाटले. स्वतःची पत्नी यहुदी असल्यामुळे ती सारी वर्षे त्यांनी भयाच्या छायेत काढली होती. त्यांचे लिहिणे सुखवस्तू माणसाचे नव्हते.

हे चार प्रकार आमच्या मैत्रिणीला किती उपयोगी पडले, ते तीच जाणे. आम्हां तिघांना मात्र त्यांनी अस्वस्थ केले. कारण आम्ही त्या छावणीत निश्चिंत मनाने फिरलो होतो. तो युरोपचा इतिहास, ती जर्मनांची लाज, आपण आशियातील पाहुणे, आपले हात स्वच्छ, अशी काहीशी सोय मनाने करून घेतली होती. आमच्या मैत्रिणीला ती सोय नव्हती, म्हणून तिने ते स्थळ आमच्याहून अधिक खरेपणाने पाहिले. जेथे काहीही आपले नाही असे वाटते, तेथे माणूस प्रेक्षक होतो. येथे काहीतरी माझ्याशी संबंधित आहे असे ज्याला वाटते, त्याचेच डोळे उघडतात.

याची दुसरी बाजूही आहे. सर्व काही आपलेच आहे असे समजणाऱ्याकडूनही प्रमाद घडतो. या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग फार बोलका आहे. १९८४ साली ऑश्वित्झच्या कुंपणालगतच्या एका जुन्या इमारतीत कार्मेल संघाच्या धर्मभगिनींनी मठ स्थापला. हेतू शुद्ध होता: मृतांसाठी अखंड प्रार्थना. परंतु जगभरच्या यहुदी समाजाला त्यामुळे क्लेश झाले. जेथे त्यांची लक्षावधी माणसे मारली गेली तेथे दुसऱ्या धर्माची खूण उभी राहावी, हे त्यांना सहन होईना. १९८७ साली जिनिव्हा येथे मठ हलविण्याचे ठरले, तरी अंमलबजावणी रखडली आणि वाद विकोपाला गेला. अखेर १९९३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः त्या भगिनींना पत्र लिहून तेथून हलण्यास सांगितले आणि त्या हलल्या. स्वतः क्राकूवचे आर्चबिशप राहिलेल्या पोपमहाशयांना प्रार्थनेचे मोल कमी वाटत होते, असे कोण म्हणेल? परंतु दुसऱ्याच्या दुःखाच्या घरात आपण पाहुणे असतो. तेथे प्रार्थनाही यजमानाचे मन जाणून करावी लागते. प्रार्थना कोठूनही ईश्वरापर्यंत पोचते. तिला कुंपणाला खेटून बसण्याची गरज नसते. २०१६ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस तेथे आले तेव्हा त्यांनी भाषण केले नाही. कोल्बे यांच्या कोठडीत ते अंधारात एकटे बसले, प्रार्थना केली आणि गेले. ही पाहुण्याची रीत.

रविवारी सकाळी मरियेच्या मंदिरात मिस्सा ऐकली. भाषा कळत नव्हती, पण कोठे उभे राहायचे, कोठे गुडघे टेकायचे हे शरीराला ठाऊक होते. मिस्सा संपल्यावर कझिमियेश या जुन्या यहुदी वस्तीतून चालत नदीपलीकडे गेलो. युद्धापूर्वी क्राकूवच्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा यहुदी होता. १९४१ च्या मार्चमध्ये शहरातील हजारो यहुदींना नदीपलीकडच्या पोद्गुझे भागातील मोजक्या गल्ल्यांत कोंडण्यात आले आणि दोनच वर्षांनी, १३ व १४ मार्च १९४३ रोजी, ती कोंडवाड्यासारखी वस्ती रिकामी करण्यात आली. काहींना जागीच ठार केले, बाकीच्यांना छावण्यांत धाडले. ज्या चौकात त्यांना गोळा केले जाई तेथे आज धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत. खुर्च्या मोठ्या आहेत, एकमेकींपासून दूर आहेत आणि त्यांवर कोणीही नाही.

त्या चौकाच्या कडेला एक औषधाचे दुकान होते. आता तेथे संग्रहालय आहे. तादेउश पान्किएविच हे त्याचे मालक, पोलिश कॅथॉलिक. वस्तीला कुंपण पडले तेव्हा इतर पोलिश लोकांनी तेथून बाहेर पडावे असा हुकूम होता. पान्किएविच यांनी खटपटी करून दुकान तेथेच चालू ठेवण्याची परवानगी मिळविली. ते आणि त्यांच्या मदतनीस स्त्रिया औषधे पुरवीत, बाहेरच्या बातम्या आत पोचवीत. धाडीच्या वेळी लपविलेली लहान मुले रडू नयेत म्हणून ते झोपेचे औषध देत. म्हातारे दिसणाऱ्यांना कामासाठी निरुपयोगी ठरविले जाऊ नये म्हणून केसांना लावायचा कलप देत. दुकानाच्या खिडकीतून त्यांनी सारे पाहिले आणि १९४७ साली ते लिहून ठेवले. कोल्बे यांच्यासारखे बलिदान आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते. एका औषधविक्याचे दुकान न सोडणे मात्र आपल्याला समजू शकते. त्यांनी विशेष काय केले? जेथे होते तेथून ते हलले नाहीत आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला नाही. प्रेक्षक आणि साक्षीदार यांतील अंतर एवढेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन दिवसांच्या पाहुण्याला साक्षीदार होता येते काय? पान्किएविच तेथे वर्षानुवर्षे राहिले. आमची तर रविवारी रात्रीची बस ठरलेली होती.

येथे प्रभू येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवतो. तो आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. त्या रस्त्यावरचे तिघेही प्रवासी होते. याजक, लेवी आणि शोमरोनी यांपैकी कोणीही त्या ठिकाणचा रहिवासी नव्हता. तिघांनीही जखमी माणसाला पाहिले. दोघे पाहून दुसऱ्या बाजूने गेले. तिसरा थांबला. पण तो तरी किती थांबला? एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाही आपल्या वाटेने जायचे होते आणि तो गेला. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही, तेथेच घर बांधले नाही. त्याने दोन गोष्टी केल्या: उतारशाळेच्या मालकाजवळ पैसे ठेवले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. म्हणजे निघताना तो आपल्या डोक्यावर एक देणे घेऊन निघाला. त्याचा मुक्काम लहान होता, पण नाते मुक्कामाबरोबर संपले नाही. वेळ थोडा असणे हे पाप नव्हे. देणे न घेता निघून जाणे, हा याजकाचा आणि लेवीचा दोष.

हे देणे फेडायचे कोठे? ज्यांचा बळी गेला त्यांना काही परत देता येत नाही. ते आपल्या घरीच फेडावे लागते, आपल्या रस्त्यावर पडलेल्या माणसापाशी. आणि ते कसे फेडावे, याचा धडा पोलंडच्या संबंधात आपल्या महाराष्ट्राच्या मातीतच आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत सत्तेने १९४० व ४१ साली पूर्व पोलंडमधून सायबेरियाकडे हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे येथे येऊन पोचली. बरॅकींमध्ये त्यांचे संसार मांडले गेले, शाळा भरल्या, प्रार्थनामंदिर उभे राहिले. काहींना येथेच मरण आले. त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. ते लोक निघून गेल्यावर त्याच जागेत फाळणीने बेघर झालेले सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर. उतारशाळा तीच, जखमी माणूस नवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाने उभारलेल्या स्मारकापुढे फुले वाहिली. वळिवडे सोडताना ती मुलेच होती. म्हातारपणीही त्यांना कोल्हापूर आठवत राहिले. पाहुणे ऋण विसरले नाहीत, असे म्हणावे लागेल.

परतीच्या बसमध्ये आम्ही वळिवड्याची ही हकीकत आमच्या जर्मन मैत्रिणीला सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, “तुम्ही ते गाव पाहिले आहे?” आम्ही दोघांनीही ते पाहिलेले नव्हते. वसईहून कोल्हापूर एका रात्रीच्या प्रवासावर आहे, जितके आमच्या विद्यापीठापासून क्राकूव.

घरोघरच्या आईवडिलांना यातून एक सुचवावेसे वाटते. मुले परदेशातून दूरध्वनी करतात, छायाचित्रे पाठवितात. ती पाहून आपण विचारतो: थंडी होती काय, जेवलास काय, खर्च किती झाला? हे प्रश्न प्रेमाचे आहेत, ते विचारावेतच. पण त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी: तेथे कोणाचे घर होते, आणि त्या घराचे तू काय देणे लागतोस? पहिल्या खेपेस मूल गोंधळेल, कदाचित हसेल. दुसऱ्या खेपेस, पुढच्या शहरात पोचल्यावर, सहलीचा फलक वाचण्यापूर्वी ते क्षणभर थांबेल. आणि सुट्टीत घरी आले की आपल्याच गावात, स्टेशनबाहेरच्या पुलाखाली किंवा वाडीच्या टोकाला कामासाठी दूरच्या राज्यातून आलेली जी माणसे झोपड्यांत राहतात, त्यांची नावे विचारील. आपल्यापैकी कितीजणांना ती नावे ठाऊक आहेत?